काकीचा फौजी चाकू

सांगलीत माझं चष्म्यांचं दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत, लेन्स घासायच्या मशीनशेजारी, एक लहान टेबल आहे. त्यावर चष्म्याचं काहीच नसतं. तिथं सुटे केलेले चाकू असतात. खिशात मावणारे, घडीचे, एकाच मुठीत पातं, कात्री, करवत, डबा फोडायचं आणि बाटली उघडायचं सगळं कोंबलेले. जुने, गंजलेले, मोडके असे मी गोळा करतो. रॉकेलात भिजत घालतो, उकलतो, घासतो, एकाची कात्री दुसऱ्यात बसवतो, नवी मूठ चढवतो. विकत नाही. आवडला कुणाला तर देऊन टाकतो. बायकोचं म्हणणं असं, की माणसं रिटायर झाल्यावर असले नाद करतात, तुम्ही आधीपासूनच तयारी करून ठेवलीत.

नाद लागला तो दुकान नवीन असताना. भंगारवाल्याकडं मी चष्म्याच्या जुन्या स्टँडसाठी पत्रा बघायला गेलो होतो, तिथं ढिगात एक लाल मुठीचा चाकू दिसला. एका बाजूची मूठ फुटून गेलेली, आतलं सगळं गंजून एकमेकांना चिकटलेलं. घरी आणून रॉकेलात टाकला. काही दिवसांनी त्यातली कात्री आपोआप सैल झाली आणि बोटांनी दाबल्यावर कागद कापायला लागली. मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाला ती कात्री दाखवली. फुटक्या मुठीच्या जागी काय लावावं याचा विचार करताना समोरच एक मोडकी फ्रेम पडलेली होती, तपकिरी-पिवळ्या ठिपक्यांची, जाड काडीची. तिची काडी गरम करून सपाट केली, कापली, घासली आणि चाकूला बसवली. तेव्हापासून दुकानातली एकही मोडकी फ्रेम मी टाकलेली नाही. मिरजेत माझा एक मित्र सतारी बनवतो, त्यांच्या घरात ते काम पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. त्याच्याकडून लाकडाचे उरलेले तुकडे मिळतात. तुकडे देताना तो दर वेळी म्हणतो, "एवढी मेहनत सतारीवर केली असतीस तर आज वाजवत असतास."

पण चाकूची ओढ त्याच्याही आधीची. ती माझ्या धाकट्या चुलत्यांमुळं. त्यांना आम्ही तात्या म्हणायचो. ते फौजेत होते आणि आमचं गाव कोरेगावच्या अलीकडं. सुट्टीवर आले की पहिल्या संध्याकाळी ते ओसरीवर ट्रंक उघडायचे आणि आम्ही सगळी पोरं भोवती बसायचो. ट्रंकेतून कॅन्टीनचा जॅमचा डबा निघायचा. मग ते खिशातून चाकू काढायचे. काळ्या, खरबरीत मुठीचा, एका टोकाला लोखंडी कडी असलेला. त्यात तीनच गोष्टी होत्या. एक रुंद, बोथट टोकाचं पातं, एक डबा फोडायचं आणि पाठीला घडी घालून बसलेला एक लांब टोच्या, पोती शिवायच्या दाभणासारखा. तात्या डबा मांडीत धरून कडेकडेनं असा फोडायचे की झाकण एका जागी बिजागरीसारखं राहायचं. पहिलं बोट आमच्यातल्या सगळ्यांत लहानाचं. चाकूला मात्र कुणी हात लावायचा नाही. त्यांनी तसं बजावलं नव्हतं, पण डबा फोडून झाला की ते चाकू धोतराला पुसून घडी घालायचे आणि थेट काकीच्या हातात द्यायचे. त्यामुळं मागायचा प्रश्नच नव्हता.

पुढं तात्या पेन्शनीत आले, शेती बघायला लागले आणि चाकू काकीकडंच राहिला. तिनं त्याला कामाला जुंपलं. आमच्याकडं घेवडा पिकतो. घेवड्याची पोती भरली की काकी त्या टोच्यानं भोकं पाडून सुतळी ओवायची. पातं भाजीला, दोरीला, आंब्याच्या कलमाला. गावात बायका कमरेला चंची लावतात, तिच्या चंचीत पानसुपारीबरोबर तो चाकू असायचा. तात्या गेले त्या वर्षी मी तिला म्हणालो होतो, चाकू दे, सांगलीला नेऊन साफ करून आणतो. तिनं न ऐकल्यासारखं केलं आणि चंचीची दोरी ओढून घेतली.

परवाच्या दिवाळीला गेलो तेव्हा काहीतरी वेगळं दिसलं. काकी मागच्या दारात घेवडा निवडत बसली होती आणि तो चाकू तिच्याजवळ उघडाच होता, पात्याला फडकं गुंडाळलेला. मी विचारलं, असा का ठेवलाय, कुणाला लागेल. तिनं चाकू आपल्या बाजूला सरकवला. चहा झाल्यावर काकीला आत्या म्हणणाऱ्या तिच्या सुनेनं मला बाजूला घेऊन सांगितलं की आत्यांची बोटं धरलीत, सांधे सुजतात, नखं फुटतात. त्यांना चाकू उघडता येत नाही. आधी त्या पात्याची खाच दाराच्या खिळ्याला अडकवून उघडायच्या, एकदा निसटून मनगटाला लागलं. तेव्हापासून उघडाच ठेवतात. आम्ही उघडून देतो म्हटलं तर नको म्हणतात.

मी काकीजवळ जाऊन बसलो. तिचे हात मी नीट पहिल्यांदाच बघितले. आम्हा दुकानदारांना माणसांचे डोळे बघायची सवय असते, हात नाही. मी म्हणालो, काकी, हा मला दे, तुला उघडता येईल असा करून आणतो.

ती म्हणाली, "तू नवा करशील. तुझ्या मोबाइलात बगितल्यात म्या तुझं चाकू. आरशावानी चकाकत्यात. मला न्हाई तसा पायजे."

मी कबूल केलं की घासणार नाही, रंग देणार नाही, मूठ बदलणार नाही. फक्त उघडण्यापुरतं काम. बराच वेळ ती घेवड्यातले खडे वेचत राहिली. मग तिनं फडकं सोडलं, चाकू माझ्या हातात दिला आणि घडी मलाच घालायला लावली.

सांगलीला आल्यावर मी तो टेबलावर ठेवला, पण लगेच हात लावला नाही. माझ्या सवयीचं काम असतं तर पहिल्या दिवशी रॉकेल, दुसऱ्या दिवशी पॉलिश पेपर. इथं काय करायचं नाही याचीच यादी मोठी होती. पातं धार लावून लावून मूळच्या रुंदीच्या निम्मं झालं होतं. मुठीच्या खरबरीत काळ्या पट्ट्या काकीच्या हातानं मधोमध गुळगुळीत झालेल्या. मी एका हाताच्या बोटांना जाड चिकटपट्टी गुंडाळली, नख लागू नये म्हणून, आणि पातं उघडायचा प्रयत्न केला. जमलं नाही. नखाची खाच होती, पण बोटाच्या पेराला ती धरतच नव्हती आणि पाठीची स्प्रिंग अजून तितकीच कडक.

स्प्रिंगचं सोपं होतं. रिव्हेट काढून, तिला आतल्या बाजूनं थोडी थोडी कानस मारून मऊ केली, इतकीच की पातं उघडं असताना मिटणार नाही. दर वेळी बसवायची, पट्टी गुंडाळलेल्या बोटांनी बघायची, पुन्हा काढायची. पण स्प्रिंग मऊ झाली तरी पातं धरायला जागा नव्हती. त्याला एकच उपाय होता. मुठीच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्रासारखी खाच कापायची, म्हणजे मिटलेल्या पात्याची पाठ तिथं उघडी पडते आणि अंगठा नि बोट यांच्या चिमटीत धरता येते. धार आतच राहते. मी असं बऱ्याच चाकूंना केलं होतं.

कुठं कापायचं ते पेन्सिलनं आखण्यासाठी मी मूठ ओल्या कापडानं पुसली. तेवढ्या जागेतला वर्षानुवर्षांचा मळ निघाला आणि खाली एक अक्षर दिसलं. टोच्यानंच कोरलेलं असावं, वेडंवाकडं, पण खोल. तात्यांच्या नावाचं ते अक्षर नव्हतं. काकीच्याही नव्हतं. आणि माझी पेन्सिलची रेघ बरोबर त्याच्या पोटातून जात होती.

मी गावाला फोन लावला. सुनेनं काकीला दिला. मी विचारलं, मुठीवर एक अक्षर आहे, ते कुणाचं.

काकी थोडी हसली. म्हणाली, "ते व्हय. ते माजं हाय. म्हायेरच्या नावाचं."

आमच्या घरात लग्न झाल्यावर सुनेचं नाव बदलायचे. काकीचंही बदललं होतं आणि तिचं माहेरचं नाव काय होतं हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलंही नव्हतं विचारायला. तिनं सांगितलं, ते थांबत थांबत, फोन कानापासून लांब धरल्यासारखं. सगळ्या जवानांचे चाकू सारखेच, म्हणून ज्यानं त्यानं आपल्या चाकूवर खूण करायची. कुणी नंबर कोरला, कुणी नाव. तात्यांनी तिचं ते जुनं अक्षर कोरलं. सुट्टीवर आल्यावर दाखवलं तेव्हा ती लाजली होती आणि रागावलीही होती, कारण सासूबाईंनी बघितलं असतं तर नवीन नाव पसंत नाही असा अर्थ झाला असता. म्हणून ती चाकू चंचीत ठेवायला लागली. घरात माणसं नसली की तात्या तिला त्याच नावानं हाक मारत.

मी तिला सांगितलं की खाच नेमकी तिथंच येते. सरकवता येईल, पण मग धरायला तितकी सोपी राहणार नाही. अक्षर वाचवायचं तर दुसरं काहीतरी बघतो, थोडा वेळ लागेल.

पलीकडं मागं कुठंतरी ट्रॅक्टर चाललेला ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "काप तू. नाव माजं हाय, मला ठावं हाय. चाकू उगाडला पायजे."

मी कापलं. तरीही पेन्सिलची रेघ जितकी सरकवता येईल तितकी सरकवली. गोल कानशीनं, हळूहळू, आधी काळी पट्टी, मग आतला पितळी पत्रा. अक्षराची वरची रेघ आणि उजवीकडचा काना राहिला, बाकीचं गेलं. कडा बोटाला लागू नयेत म्हणून त्या घासून गोल केल्या आणि तिथं कापलेलं पितळ नवं दिसत होतं ते काळं पडावं म्हणून दुकानातल्या एका रसायनात बुडवलं. बाकी कशालाही हात लावला नाही. पात्यावरचे डागसुद्धा तसेच ठेवले. बायको रात्रीच्या जेवणाआधी खोलीत डोकावली, चाकू हातात घेऊन तिनं त्या खाचेत बोट घालून पातं उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, हे तुम्ही आत्तापर्यंत केलेलं सगळ्यांत चांगलं काम आहे, आणि हे कुणाला फोटो काढून दाखवू नका.

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी मी गावी गेलो. काकी अंगणात उन्हाला बसली होती. मी चाकू मिटलेला दिला. तिनं तो आधी फिरवून फिरवून बघितला, चकाकत तर नाही ना ते. मग अंगठ्यानं खाच चाचपली, राहिलेल्या रेघेवर बोट ठेवलं. चिमटीत पात्याची पाठ धरली. पहिल्यांदा बोटं घसरली. मी पुढं झालो तशी तिनं मानेनंच मला थांबवलं. दुसऱ्यांदा धरलं आणि पातं सावकाश वर आलं, पूर्ण उघडलं. ती त्याच्याकडं बघत राहिली. नंतर मिटलं. पुन्हा उघडलं. मग तिनं सुनेला हाक मारून माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं आणि शेजारी पडलेली सुतळी ओढून तिचे तुकडे करायला लागली, गरज नसताना.

चहा पिताना मी तिला विचारलं, ते नाव मी घेतलं तर चालेल का. ती म्हणाली, "नगं रं. काकीच म्हन." आणि लगेच, मी दुखावलो असेन असं वाटून की काय, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तात्यांची एक गोष्ट सांगितली. पोस्टिंगवरून ते पत्रात पत्त्यावर नवीन नाव लिहायचे आणि आत जुनं.

तेवढ्यात शेजारची म्हातारी आली. काकीनं तिच्यासमोर चाकू उघडून दाखवला. म्हातारीनं तो हातात घेतला, स्वतः उघडून बघितला, मग घरी जाऊन आपला अडकित्ता घेऊन आली. त्याचा दांडा तिच्या हाताला फार अरुंद होता, दाबताना हाडात रुतायचा. तिनं मला विचारलं, "ह्याचं बी काय हुतंय का बग की."

मी तो रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला. सांगलीला परतताना कराडच्या अलीकडं चहाला थांबलो, तेव्हा तो बाहेर काढून बघितला. दांड्यावर चढवायला मिरजेच्या मित्राकडचं लाकूड बरं पडेल असं वाटलं. त्याला फोन करून विचारलं, हलकं पण हाताला न टोचणारं काय आहे तुझ्याकडं. त्यानं विचारलं, कुणाच्या हाताला. मी म्हातारीचा हात कसा आहे ते त्याला सांगत बसलो, आणि चहा गार झाला.