निळी गाडी

पाटसच्या कारखान्याला ट्रॅक्टरनं उसाचे ट्रेलर ओढून नेणारा सम्राट गेल्या निवडणुकीत गावचा सरपंच झाला. झाला कसला, केला. जागा राखीव निघाली आणि गावचे जुने पुढारी आनंदराव, त्यांना बौद्ध वस्तीतला एक मऊ माणूस हवा होता. सम्राट मऊ आहे, असं वस्तीतली पोरं त्याला तोंडावर म्हणायची. तो चिडायचा. "आनंदरावांचं सोडा, पण त्यांचा पोरगा दत्ता तसला न्हाई. आमी एका टीव्हीम्होरं बसून खेळलोय," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

खेळले होते हे खरं. सम्राट आठ-नऊ वर्षांचा असताना त्याची आई पार्वतीबाई आनंदरावांकडे भांडी घासायला, केर काढायला जायची. दत्ताला पुण्याहून व्हिडिओ गेम आणला होता. बोलणाऱ्या गाड्यांचा एक सिनेमा तेव्हा पोरांत गाजत होता, त्यातल्याच गाड्यांची शर्यत. लाल गाडी दत्ताची, निळी सम्राटची. एकट्यानं जिंकण्यात दत्ताला काय मजा? हरायला कुणीतरी लागतंच. रिमोटची बटणं दाबून सम्राटचे अंगठे दुखायचे. निळी गाडी पहिली कधी आली नाही, पण एकदा दुसरी आली, तेव्हा तो तोंडानं घुर्र आवाज काढत वस्तीपर्यंत पळत गेला. मोठेपणी ड्रायव्हरच व्हायचं, हे त्यानं त्या दिवशी ठरवलं.

परवा दत्तानं त्याला घरी बोलावलं. वस्तीच्या रस्त्याला आलेला पैसा आनंदरावांच्या मळ्याच्या रस्त्याकडे वळवायचा होता आणि ठरावावर सरपंचाची सही हवी होती. वस्तीतली माणसं आजही गुडघाभर चिखलातून जातात. यावेळी नाहीच म्हणायचं, असं घोकत सम्राट गेला. त्याची सात वर्षांची लेक सांची हट्टानं बरोबर आली. दत्ताच्या पोराकडे त्याच गाड्यांचा नवा गेम आला होता आणि पोरं आत टीव्हीपुढं बसली.

ओसरीवर चहा आला. "कर की सही," दत्ता म्हणाला. "आपण काय परकं हाय व्हय? लहानपणी किती खेळलो राव संगं!"

झालं, सम्राट विरघळला. त्यानं पेनचं टोपण काढलं.

तेवढ्यात दत्ताचा पोरगा हसू दाबत बाहेर आला आणि बापाच्या कानाशी लागला. पण पोरांची कुजबुज ती, सम्राटला शब्द न् शब्द ऐकू आला. "पप्पा, तिला बंद रिमोट दिलाय. तिला कळंनाच! तुमी सम्राटकाकाला वायर काढून द्यायचा, तसंच."

"ल्हान व्हतो राव तवा," म्हणत दत्ता हसला. सवयीनं सम्राटही हसला, आणि त्या हसण्याची त्याला किळस आली. म्हणजे निळी गाडी आपली आपण पळत होती. दुसरी आली तीही आपली आपण.

त्यानं टोपण लावलं. "सही न्हाई करत मी."

"सरपंच कुणी केलं तुला, इसरलास?" दत्ताचा आवाज लगेच बदलला.

"न्हाई. आजच नीट ध्यानात आलं."

सांचीला उठवायला तो आत गेला, तर ती रिमोट सोडेना. "पप्पा, थांबा ना! माझी गाडी दुसरी आलीया!"

घरी येऊन त्यानं आईला विचारलं, "तुला ठावं व्हतं?"

पार्वतीबाई तांदूळ निवडत होती. "टीव्हीमागचा केर मीच काढायची. तुझी वायर थितंच लोंबायची."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"किती हासत यायचास रं तू घरी. कुठल्या तोंडानं सांगू?"

सम्राटनं सांचीला जवळ घेतलं आणि बंद रिमोटचं सगळं सांगितलं. पोरगी आधी खोटंय म्हणाली, मग हमसून हमसून रडली, जेवलीसुद्धा नाही.

"काय मिळालं तुला लेकराला रडवून?" पार्वतीबाई कळवळून म्हणाली.

"रडू दे," सम्राट म्हणाला. "मी वीस वरसं त्या दुसऱ्या नंबरावर खूश व्हतो."