अक्काची रोकड

मुलांनो, गेल्या रविवारी माझा फोन लागला नाही, कारण मी आदिलाबादजवळ बेल्याला गेले होते. भांडेवाले भाऊ गेले. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही, पण आमच्याकडचा लाडवांचा तो मोठा डबा त्यांच्याच दुकानातला आहे. तुम्ही तर महिनोन्महिने नोटेला हात लावत नाही. रोख पैसे घेतले म्हणून एका सरळ माणसावर काय वेळ आली होती, ते सांगायला आता माझ्याशिवाय फारसं कोणी उरलेलं नाही. म्हणून लिहिते, आणि माझ्या सवयीप्रमाणे क्रमानं लिहिते.

भाऊ कुठलंही भांडं विकण्याआधी ते बोटाच्या पेरानं वाजवत आणि कान देऊन ऐकत. आवाज खणखणीत आला तर म्हणत, "बोलते. न्या." नाही आला तर, "मुकं हाय," असं म्हणून भांडं परत फळीवर ठेवत. गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी हा विधी चुकत नसे. सवय इतकी मुरलेली, की दुसऱ्याच्या घरी चहाला गेले तरी आधी कप वाजवून बघत.

मी तेव्हा आदिलाबादला एका कर सल्लागार वकिलांकडे इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत असे. भाऊंचा हिशेबही आमच्याचकडे. एका दुपारी ते आयकर खात्याची नोटीस घेऊन आले. आल्याआल्या आमचं लोखंडी कपाट वाजवलं, "मुकं हाय," म्हणाले, आणि मग नोटीस पुढे केली.

झालं होतं असं. आदल्या वर्षी वादळात दुकानाचं छप्पर उडालं आणि सगळा माल उघड्यावर पडला. त्यांची मोठी बहीण नदीकाठच्या एका गावात राहायची. सगळे तिला अक्का म्हणत. तिच्या गावात बँक नव्हती आणि तिच्या नावाचं खातंही कुठे नव्हतं. बातमी कळताच ती पहिल्या बसनं आली आणि कापसाचे पंचवीस हजार रुपये भावाच्या हातात ठेवले. पैसे होते एका पितळी बरणीत. बरणी भाऊंनीच तिला लग्नात दिलेली. छप्पर झालं, दुकान चालू झालं. वर्षाच्या हिशेबात भाऊंनी खरं ते सांगितलं, अक्काकडून उसने घेतले. नोटीस त्यावरूनच आली.

मी त्यांना समजावलं, की वीस हजार किंवा त्याहून जास्त पैसे उसने घ्यायचे तर चेकनं घ्यावे लागतात. रोख घेतले तर दंड होतो, आणि जेवढे घेतले तेवढाच होतो.

भाऊंनी बोटांवर हिशेब केला. "म्हंजे छप्पर दोनदा घालाचं?"

मला हसू आलं, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. एवढा दंड भरायचा तर निम्मा माल मोडीच्या भावानं काढावा लागला असता, आणि निम्म्या मालावर ते दुकान उभं राहणार नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात भाऊ गमछ्यात गाठोडं बांधून हजर. अक्काला फेडायला म्हणून जमवलेले पैसे त्यात होते आणि ते तडक तिच्या गावाला निघाले होते. "हातचं हाती देलं, इषय संपला." मी अक्षरशः वाट अडवली. एवढी रक्कम रोख परत केली तर त्याचा वेगळा दंड, तोही तेवढाच. गाठोडं माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, "मॅडम, कायद्याले बहीन नाई का?"

वकिलांनी एक वाट काढली. हा नियम उसन्याला आहे, भेटीला नाही. बहिणीनं प्रेमानं देऊन टाकले, एवढं म्हणा, की सुटलात. यावर भाऊ जे ताठ झाले ते झालेच. आपल्याकडे बहीण माहेराहून भरल्या ओटीनं जाते, भाऊ तिला देतो. तिचं घेऊन पचवणाऱ्याला कोणी दारात उभं करत नाही.

"दुकान इकतो, दंड भरतो," भाऊ म्हणाले. "पन बहिनीचं फुकट खाल्लं, असं सरकारच्या कागदावर लिवू देनार नाई."

वकील दोन दिवस धुसफुसत होते, आणि तेही माझ्यावर.

सुनावणी निजामाबादला होती. आम्ही चौघं बसनं गेलो. अक्कानं ती बरणी आणली होती, साक्षीदारासारखी मांडीवर घेऊन बसलेली. साहेब तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. अक्काला हिंदी येत नसे, म्हणून मधे मी. साहेबांनी विचारलं, हे पैसे तुम्ही भावाला देऊनच टाकले होते का? वकिलांनी आशेनं अक्काकडे पाहिलं. एक हो पुरला असता.

"देऊन काऊन टाकू? उसने देल्ले," अक्का म्हणाली. "माह्या भावानं फुकट घेतले असते, त दंड मीच केला असता."

मी जसंच्या तसं हिंदीत सांगितलं. वकिलांनी डोळे मिटले. साहेब मात्र हसले, आणि आपल्या कारकुनाला तेलुगूत म्हणाले की आमच्या आईनंही असंच सांगितलं असतं. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, चेक का नाही? मी लिहून नेलेलं पुढे केलं. गावात बँक नाही, खातं नाही, माल उघड्यावर, वेळ नाही. ते वाचत असताना भाऊंना राहवलं नाही. त्यांनी पेर बरणीवर मारलं. खोलीभर आवाज घुमला. साहेबांनी मान वर केली.

"बोलती है, साब," भाऊ म्हणाले.

महिन्याभरानं निकाल आला. कारण योग्य आहे, सबब दंड नाही. भाऊंनी निकालाचा कागद माझ्याकडून तीनदा मराठीत वाचून घेतला. मग आम्ही अक्काचं खातं उघडलं, तिचं पहिलंच, आणि सगळे पैसे चेकनं परत गेले.

त्यानंतर भाऊ चेकचे असे भक्त झाले की लोक त्यांना टाळू लागले. भाजीवालीलासुद्धा वीस हजारांचा नियम सांगत. भाऊबीजेला त्यांनी ओवाळणीच्या तबकात एकशे एक रुपयांचा चेक टाकला. अक्का म्हणाली, "लाज नाई वाटत? कागद टाकून राह्यला." भाऊंनी चेकवर टिचकी मारली. "बोलत नाई, पन चालते." पुढे दरवर्षी तबकात चेकच पडायचा.

रविवारी मी तिथे पोचले तेव्हा दुकानात त्यांचा मुलगा होता. आता फोनवरून पैसे येतात आणि गल्ल्याजवळची एक डबी मोठ्यानं आकडा सांगते. ती आणली त्या दिवशी भाऊंनी कान देऊन ऐकलं होतं आणि म्हणाले होते, "हे बोलते. ठेवा."

आतल्या खोलीत अक्का बसली होती. नव्वदीला आली आहे. तिनं मला बरणी उघडून दाखवली. भाऊबीजेचे सगळे चेक आत आहेत. एकही तिनं बँकेत टाकलेला नाही.