जावयाची धुळवड

आमच्या गावात धुळवडीला जावयाला गाढवावर बसवायची रीत होती. गळ्यात फाटक्या चपलांची माळ, तोंडाला काजळी आणि पुढं हलगी. मारुतीच्या पारापर्यंत वरात न्यायची, तिथं उतरवून आंघोळ घालायची, नवं धोतर नेसवायचं आणि गोडाचं जेवण वाढायचं. नांदूरघाटाच्या आसपास ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती. होळी जवळ आली की आमच्या गावचे जावई बरोबर आजारी पडायचे.

माझं लग्न झालं त्या वर्षी आमच्या घरचा जावई नवा होता. आमचे हे गेवराईकडच्या शेतकऱ्याचे, पण बीडला एका कचेरीत चपराशी होते. साहेबाच्या दाराशी काळी शेरवानी घालून उभे राहायचे. छातीवर लाल पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. तो बिल्ला ते रोज चिंचेनं घासायचे. शहरात राहून त्यांच्या जिभेला वेगळं वळण लागलं होतं. आमच्या गावात ते कुणाला सहन झालं नाही.

होळीच्या संध्याकाळी जेवताना माझा थोरला भाऊ, दादा, त्यांना म्हणाला, "दाजी, मी बी गेलतो बीडला. लई मोठं हाय."

"गेलतो नव्हे, गेलो होतो," हे हसून म्हणाले. "कचेरीत असं बोललात तर मीच आत सोडणार नाही तुम्हाला."

सगळी पंगत हसली. आमचे आबासुद्धा हसले. दादा तेवढा हसला नाही. ताटात अर्धी पोळी तशीच टाकून तो उठला. आय म्हणाली, "कावून उठला रं?" त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

सकाळी हे गोठ्यामागच्या कडब्यात लपले. तो सगळा खेळच होता, तेही हसतच लपले होते. दादानं आणि त्याच्या सोबत्यांनी त्यांना पायाला धरून ओढून काढलं. परटाचं गाढव दारात उभंच होतं. चपलांची माळ घातली, डोक्यावर फुटकं सूप बांधलं. मग दादानं घरातून एक वाटी आणली आणि दोन्ही हातांनी त्यांच्या तोंडाला काळं फासलं. गालांना, कपाळाला, पापण्यांवर. कानामागं सुद्धा. इतक्या निगुतीनं मी त्याला कधी कुठलं काम करताना पाहिलं नव्हतं.

पहिल्या वेशीपर्यंत हे हसत होते. मग तोंड खांद्याला घासायला लागले. "जळतंय रे, पुसू द्या," म्हणाले. लोकांना वाटलं, शहरातल्या पाहुण्याची नाटकं. त्यांनी उतरायला पाय उचलला, तेव्हा गाढवाच्या पोटाखालून दोन्ही पाय दोरीनं बांधले. हलगी आणखी जोरात वाजायला लागली. वरात आमच्या दारावरून परत गेली तेव्हा मी उंबऱ्यात उभी होते. बायका त्यांच्यावर शेणाचं पाणी ओतत होत्या. ते मला बघून काहीतरी ओरडले. हलगीपुढं मला ऐकू आलं नाही. माझ्या चुलतीनं मला कोपरानं ढोसलं, "हास की गं, तुजाच नवरा हाय."

रात्रीत त्यांचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं. सकाळी डोळे उघडेनात. गालांवर पाण्याचे फोड आले होते. आबांनी दादाला चुलीपाशी बोलावलं.

"काय लावलं बे?"

"काजळी अन् तेल."

"आनखी?"

दादानं चुलीत काटकी सारली. मग म्हणाला, "परटाकडून बिब्बा आनलता. थोडा."

परीट कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरतात. त्याचं तेल अंगाला लागलं की कातडी उतते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मला वाटलं, आबा आता दादाला फोडून काढतील. आबांनी दाराकडं पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "जावयाला सांगायचं न्हाई. उनानं झालं म्हना."

आयनं तीळ आणि खोबरं वाटून त्यांच्या तोंडाला लावलं. हे आंधळ्यासारखे भिंतीला टेकून बसले होते. वास आला तसं त्यांनी आयचा हात धरला.

"हे तर बिब्ब्यावर लावतात."

आयनं हात सोडवून घेतला. आबा उठून गोठ्याकडं गेले. दादा ओसरीवर बैलाला घुंगरं ओवत बसला होता, त्याचा हात एकदाही थांबला नाही.

त्याच दुपारी आम्ही बैलगाडीनं बीडला निघालो. वाटभर ते तोंडावर ओला पंचा धरून बसले होते. डोळे थोडे किलकिले झाल्यावर ते पट्टा बांधून कचेरीत गेले आणि घटकाभरातच परत आले. पट्टा छातीवर नव्हता. साहेबानं रुमाल नाकाला लावून दुरूनच विचारलं होतं, हा रोग कधीपासून आहे? त्यांनी बिब्ब्याचं सांगितलं. साहेबाला बिब्बा म्हणजे काय तेच कळलं नाही.

गल्लीतही तेच झालं. फोड फुटून तोंडावर काळे-पांढरे चट्टे पडले होते. बायका आडावर माझी घागर टेकू देईनात. महारोग हा शब्द कुणी तोंडावर म्हटला नाही, पण मी जवळ गेले की बोलणं थांबायचं.

अशात रंगपंचमी आली. बीडची रंगपंचमी मी पहिल्यांदाच बघत होते. बिंदुसरेच्या काठच्या आमच्या गल्लीत पळसाच्या फुलांच्या रंगाच्या कढया उकळत होत्या. पितळी पिचकाऱ्या, गुलालाची ताटं. समोरच्या शिंप्यानं शेजारच्या अत्तरवाल्या मियांची दाढी केशरी करून टाकली, तो मियां हसत हसत त्याच्या मागं पळाला. हे पांढरं धोतर, पांढरा सदरा घालून दारात बसले होते. रंग लावून घ्यायलाच बसले होते. रंग खेळणाऱ्यांची वरात आमच्या दारापाशी आली की गल्लीच्या पलीकडच्या कडेला सरकायची. आमच्या दारापुढची माती दुपारपर्यंत कोरडी होती.

शेवटी हे उठले आणि माझं मनगट धरून मला गल्लीच्या मधोमध नेलं.

"सांग यांना, कुणी लावलं."

"माझ्या भावानं," मी म्हणाले. "बिब्बा लावला."

शिंप्यानं पिचकारी खाली घेतली. मग शिंप्याची बायको म्हणाली, "बाई, सख्खा भाऊ आसं करतो व्हय? नवऱ्याचा रोग झाकायला भावाला नावं ठेवती." बायका हसल्या. त्या हसण्यात आमच्या दारातल्या धुळवडीचंच हसणं होतं.

घरात आल्यावर त्यांनी दार लावलं. कोनाड्यातून एक बिब्बा काढला, सुईनं टोचला, दिव्यावर धरला. माझा हात पुढं ओढून मनगटाच्या आत एक थेंब सोडला. मी ओरडले नाही. ते शांतपणे म्हणाले, "एवढासा आहे. माझ्या पापण्यांवर होता." मग माझा हात तसाच धरून ते रडले. मला त्यांची कीव आली नाही. त्या घटकेला मला माझ्या भावाचा, नवऱ्याचा, दोघांचाही सारखाच तिरस्कार वाटला.

अक्षय तृतीयेला दादा मला माहेरी न्यायला आला. तोवर यांना एका सरकीच्या कारखान्यावर राखणदारी मिळाली होती. चट्टे फिके झाले होते, उजव्या डोळ्यातून मात्र सारखं पाणी गळायचं. त्यांनी दादाला पाट दिला, स्वतः आमरस वाढला.

जेवता जेवता दादा म्हणाला, "दाजी, राग धरू नका. चेष्टा व्हती."

"चेष्टाच होती," हे म्हणाले. "आणखी घ्या."

दादाचा जीव भांड्यात पडला. त्यानं भरपूर रस खाल्ला. हात धुऊन तो मला म्हणाला, "चल, लुगडी बांध. आय वाट बघती."

"ती येणार नाही," हे पानाला चुना लावत म्हणाले.

"अन् कधी येनार?"

"तुमची आई असेपर्यंत नाही."

दादा हसला, त्याला वाटलं हीसुद्धा चेष्टाच. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मला कळलं, ही चेष्टा नव्हती. गाडी वळेपर्यंत दादा मागं वळून हात करत होता, पुढच्या खेपेला नेतो म्हणत होता.

त्यानंतर चार पावसाळे आय जगली. ती गेल्याचा निरोप आला तेव्हा मी घागर घेऊन आडावर निघाले होते. यांनी निरोप्याला पाणी दिलं, मातीची वेळ विचारून घेतली, आणि त्याला एकट्यालाच परत पाठवलं.