ॲनिमल हाऊसमधला बेंदूर

"हा ग्राफ आहे की पट्टीनं मारलेली रेघ?"

डायरेक्टर साहेब पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. आवाज मात्र शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. स्क्रीनवर खरोखरच सरळ रेघ होती. माझ्या बाजूला बसलेली स्नेहल टेबलाकडे बघत होती.

मलकापूरच्या बाहेर आमचं छोटंसं रिसर्च सेंटर आहे. ग्रोथ हार्मोन मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीत तयार होतं. काही मुलांच्या ग्रंथीत ते असतं, पण पुरेसं सुटत नाही. मग रोज इंजेक्शन. आम्ही शोधत होतो ते तोंडानं घ्यायचं रसायन. ते ग्रंथीलाच ढोसणार, 'बाई, आता सोड की!' जमलं तर पोरांची रोजची सुई चुकेल.

प्रयोग स्नेहलचा होता. पलूसकडची पोर, अजून प्रोबेशनवर. जिभेला मिरची, पण हात इतका हलका की रक्त काढताना उंदीरसुद्धा तिच्यावर चिडत नसे. मला ती फार आवडते. हे तिला अजून सांगितलेलं नाही, डोक्यावर बसेल.

रीत साधी असते. उंदरांना आदल्या रात्री उपाशी ठेवायचं, फक्त पाणी. सकाळी औषध पाजायचं आणि थोड्याथोड्या वेळानं रक्तातलं हार्मोन मोजायचं. पोट भरलेलं असलं की औषध अन्नातच रेंगाळतं, रक्तात उशिरा आणि तुटपुंजं उतरतं, आणि हार्मोनची उसळी दिसत नाही. एका गटाला आमचं नवं रसायन देतात, दुसऱ्याला जुनं, हमखास चालणारं. त्याला आम्ही स्टँडर्ड म्हणतो. या वेळी स्टँडर्डही ढिम्म.

"स्टँडर्ड फेल म्हणजे करणाऱ्याचा हात फेल," साहेब म्हणाले. "तिला या प्रोजेक्टवरून काढा. प्रोबेशनचं नंतर बघू."

म्हणजे हातात नारळ. माझं डोकं फिरलं. "सर, आधी मला तपासू द्या."

"सोमवारी बोलू."

मग आम्ही सगळं उलटंपालटं केलं. हार्मोन मोजायचं किट ताजं होतं. वजनकाटा बरोबर. फ्रिज बरोबर. औषध मी स्वतः पुन्हा कालवून पाहिलं.

"मॅडम, माझंच काहीतरी चुकलं असणार."

"चुकलं असेल तर सापडेल. तोवर रडू नकोस, चहा घे."

सोमवार उजाडला, काही सापडलं नाही. कॉल सुरू झाला आणि दार ढकलून हणमंतअण्णा आत आले. अण्णा आमचं ॲनिमल हाऊस सांभाळतात. रिटायर्ड हवालदार, कडेगावकडचे, घरी बैलजोडी. प्रयोगाच्या सकाळी पिंजरे झाडून ते रजेवर गेले होते, ते आजच परतले होते. स्नेहलचं कानावर आल्यावर तडक इकडे आले. येऊन सावधान उभे राहिले.

"मॅडम, पोरीच्या हातात काय बी खोट न्हाई. त्यास्नी मी चारलंय."

"कुणाला? काय चारलंत?"

"उंदरांस्नी. पुरणपोळी."

स्क्रीनवर साहेबांचा चेहरा गोठला. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"आवं, आदल्या दिवशी बेंदूर हुता. घरी बैलांची शिंगं रंगवली, पोळी चारली अन् ड्यूटीला आलो. बघतो तर हितं समदी जितराबं उपाशी. वरीसभर तुमी सांगाल तसं करतो की मी. पन बेंदराला मुकं जनावर उपाशी ठिवायचं? माजा जीव न्हाई धजला. हरेक पिंजऱ्यात चांगली भरपूर पोळी टाकली. रातभर खात हुती लेकरं. सकाळी उरलंसुरलं झाडून काढलं."

"पोळीत काय काय होतं?" साहेबांनी विचारलं. त्यांच्यातला शास्त्रज्ञ बहुधा सवयीनं बोलला.

"डाळ, गूळ, वेलदोडा. अन् वर तूप."

"तूपपण?"

"बिनतुपाची पोळी जनावराला तरी कशी द्यायची, सायेब?"

मला हसू आवरेना. स्नेहल हसतही होती आणि डोळेही पुसत होती.

"नोकरी जाईल हे माहीत आहे ना तुम्हाला?" साहेब म्हणाले.

"व्हय. म्हनून तर आलो. जायाची तर माजी जाऊ द्या. पोरीची कशापायी?"

साहेबांनी समोरची फाईल मिटली. म्हणाले, "मॅडम, प्रयोग परत करा. हात तोच ठेवा."

नवे उंदीर घेतले. या वेळी ते खरोखर उपाशी होते. अण्णांनी त्या संध्याकाळी स्वतःही जेवण घेतलं नाही, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. ग्राफ आला. स्टँडर्ड उसळलं आणि नवं रसायन त्याच्याही वर गेलं. स्नेहल खुर्चीवरून उठली आणि अण्णांच्या पाया पडली. अण्णा लाजून म्हणाले, "माज्या कशाला पडतीस गं, त्या उंदरांच्या पड."

अण्णांना कडक शब्दांत मेमो मिळाला. साहेबांनी आमच्या नियमावलीत एक ओळही घातली: बेंदराच्या दिवशी कोणताही प्राणी उपाशी ठेवू नये. पुढं एका परदेशी ऑडिटरनं त्या ओळीवर बोट ठेवून कारण विचारलं. साहेब गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "लोकल कंडिशन्स."

ते रसायन पुढच्या टप्प्यावर गळालं. बहुतेक गळतातच. स्नेहल मात्र पर्मनंट झाली आणि आता दुसऱ्या रसायनाच्या मागे आहे. माझा धडा एवढाच: प्रयोग फसला की हातावर शंका घेण्याआधी पंचांग उघडून बघावं.