जनावराला हात लावण्याआधी

आमच्या ठाकुर्लीच्या ज्युनिअर कॉलेजात पशुविज्ञान शिकवणारे एक सर आहेत. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते. त्यांचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे जनावर म्हणाल तर एक फायबरची गाय, तीही एका कानाची. नियम मात्र दारावर लावलेले. परवानगीशिवाय जनावराला हात लावायचा नाही. लावण्याआधी नखं दाखवायची. एकदा एक मुलगी त्या गाईला टेकून उभी राहिली, तर सरांनी तिला गाईची माफी मागायला लावली.

"जनावराला शिस्त असते, मॅडम," ते मला सावकाश सांगतात, "माणसाला... लावावी लागते."

परवा कल्याणच्या तबेल्यात त्यांचं प्रात्यक्षिक होतं. मुलींसोबत बाई हवी म्हणून मलाही नेलं. मुलं पांढऱ्या एप्रनमध्ये रांगेत उभी, जणू म्हशीचं ऑपरेशनच आहे. तबेलेवाला बादली आणायला गेलेला. सर म्हशीच्या शांत स्वभावाबद्दल बोलत होते, तेवढ्यात तिने शांतपणे त्यांच्या पायावर पाय ठेवला आणि रवंथ करत राहिली. सर पांढरेफटक पडले.

"अरे, बघताय काय, ढकला तिला," मी म्हटलं.

एकही मूल जागचं हललं नाही. सगळ्यांनी बोटं वर केली.

"सर, हात लावू?" गाईची माफी मागितलेल्या मुलीने विचारलं.

सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल.

"आधी," ते म्हणाले, "नखं दाखवा."