गच्चीवरच्या तीन माश्या

ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. लखनौत तो मिळत नाही. तरीही नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, इंदिरा नगरमधल्या आमच्या गच्चीवरून त्याच्यासाठी रोज दुपारी दोरा फेकला जात असे. फेकणारे माझे बाबा. पुलांचे सरकारी इंजिनिअर म्हणून ते तरुणपणी पहाडात राहिले होते आणि ही विद्या तिथेच शिकले होते. निवृत्तीनंतर पक्षाघाताचा सौम्य झटका येऊन गेला, आणि उजवा हात थरथरू लागला. उन्हाळ्यात एकदा पहाडातल्या त्या नदीवर परत जायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. मात्र अटही त्यांनीच घातली : सलग दहा वेळा दोरा न गुंतता फेकता आला, तरच मासेमारीच्या परवान्याचा अर्ज करायचा.

मी शाळेत गणित शिकवत असे. परीक्षकाचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

आधी रचना समजून घ्यावी. एकाच बारीक दोऱ्यावर, हाताहाताच्या अंतराने, गळ लपवणाऱ्या, पिसांच्या आणि रेशमाच्या तीन नकली माश्या बांधतात. त्या तरंगण्यासाठी नसतात, भिजून बुडतात. टोकाची सर्वांत खोल, मधली तिच्या वर, आणि गळाच्या काठीजवळची तिसरी पाण्याच्या पृष्ठभागाला जेमतेम शिवणारी. गच्चीवर आम्ही त्यांच्या जागी लोकरीचे तुकडे बांधले होते.

बाबा डोळे मिटून फेकत. ऊन मऊ असे, वाळत घातलेल्या साड्यांच्या सावल्या सिमेंटवरून सावकाश सरकत, आणि कधीकधी मलाही वाटे की गच्चीला उतार आहे, त्यावरून काहीतरी संथ वाहते आहे. मग तिन्ही तुकडे एकमेकांत गुरफटत आणि मी वहीत फुली मारी.

शेजारच्या गच्चीवरचे वकीलसाहेब एकदा कठड्यावर रेलून म्हणाले, "साहब, डोर तो उम्दा है, पतंग कहाँ है?"

"कट गई," बाबा म्हणाले.

फेब्रुवारी सरत आला, तरी सहाच्या पुढे मजल गेली नव्हती. "एकच माशी बांधू या का?" मी भीत भीत विचारले.

"एकच? मग मासा कितव्या मजल्यावर राहतो, हे कसं कळणार?" पण दुसऱ्या दिवशी ते गच्चीवर आलेच नाहीत. काठी पिशवीत घालून त्यांनी कोपऱ्यात उभी केली.

पुढच्या रविवारी मलिहाबादजवळ एका परिचितांच्या आंब्याच्या बागेत जेवायला बोलावले होते. मी काठी बरोबर घेतली. बाग मोहोराने जड झाली होती. तिच्यापलीकडे गोमती होती. दुपारी ते काठावर उभे राहिले आणि त्यांनी लोकरीच्या तुकड्यांऐवजी पिसांच्या माश्या फेकल्या. हवेतच तिन्ही जवळ आल्या. मी मनात फुली मारली.

पण प्रवाहाने दोरा धरला. हळूहळू त्याने तो ताणला, सरळ केला, आणि तिन्ही माश्या एकामागून एक सुट्या झाल्या. दोन महिने मी ज्या कामाची परीक्षा घेत होते, त्यातले निम्मे काम नदीचे होते. प्रश्नपत्रिकाच चुकली होती. हाताचा कंप काठीतून उतरून वरच्या माशीपर्यंत पोहोचला होता, आणि ती पाण्यावर जिवंत किड्यासारखी थरथरत होती. बोटभर लांबीची एक चंदेरी मासोळी, चिल्हवा, तिच्यावर झेपावली. बाबांनी ती पाण्यातच सोडवली आणि कितीतरी वेळ ओला हात पाहत राहिले.

"हे तुम्हांला ठाऊक होतं?" मी विचारले.

"विसरलो होतो. गच्चीवर नदी नसते, हे एवढ्या शिकलेल्या दोघांच्या लक्षात आलं नाही."

त्याच संध्याकाळी मी अर्ज लिहायला घेतला. परवाना किती माणसांसाठी, या रकान्यात एक लिहिले.

"दोन कर," ते म्हणाले. "तिथे वही ठेवायला टेबल नाही. तुलाही पाण्यात उतरावं लागेल."