गालातलं आमसूल

“वास येतोय. तिथेच उभ्या राहा, पुढे नको.”

मॅडम हे माझ्या आईला म्हणाल्या. नाकाला रुमाल लावून. मी त्यांच्या बाजूलाच उभी होते. पांढरा ॲप्रन, छातीवर नावाची पट्टी, दोन्ही हातांत पोस्टर. पोस्टरवर पाण्याने भरलेले आठ ग्लास. मीच काढलेले, निळ्या स्केचपेनने, कडा नीट रंगवून.

जागा रत्नागिरीच्या बंदरावरची, कोळंबी सोलायची शेड. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. आमच्या वर्गाचं आरोग्य शिबिर होतं. विषय होता आजार व्हायच्या आधीच टाळणं. प्राथमिक प्रतिबंध, दुय्यम प्रतिबंध, तिसऱ्या पातळीचा प्रतिबंध. हा धडा मला झोपेतून उठवून विचारला असतात तरी मी म्हणून दाखवला असता. वर्गात त्यात माझा पहिला नंबर होता. हे मी अभिमानाने सांगते. आमच्या वाडीत बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. पदवी घेतलेलीही मीच पहिली. तो अभिमान मी टाकून देणार नाही. पण त्या दिवशी मी काय केलं, तेही सांगणार आहे.

आदल्या दिवशी मी आईला म्हणाले होते, “उद्या कामाला जाऊ नको.”

“का गो?”

“आमच्या मॅडम यायच्यात शेडमध्ये.”

आई भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही. “बरं,” एवढंच म्हणाली.

माझ्या कॉलेजच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय ‘गृहिणी’ असा होता. मीच लिहिलेला. होस्टेलवर मी दोनदा आंघोळ करायची, पावडर लावायची. घरून येताना डब्यात मासा आणायची नाही. तरी एकदा एक मुलगी म्हणालीच, “तुमच्याकडे समुद्र अगदी घरातच असतो ना?” मी हसले होते. हसून घेणं मला चांगलं जमायचं.

पण शिबिराच्या सकाळी बोटी भरून आल्या. मुकादमाने घरोघर निरोप धाडला. आईला जावंच लागलं. एक दिवस गेलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाटावर दुसरी बाई बसलेली असते. आई मागच्या रांगेत, खांबाआड बसली. माझ्याकडे पाठ करून. मला दिसू नये म्हणून नव्हे. मी तिच्या ओळखीची आहे असं कुणाला वाटू नये म्हणून.

मॅडमनी नेमकं तिलाच बोलावलं. “त्या मागच्या बाई, या.”

आई उठली. पुढे आली. मग ते वासाचं वाक्य.

“दिवसातून पाणी किती पिता?”

“हितं असताना पीत नाय.”

“का?”

आईने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग मॅडमकडे बघून म्हणाली, “तहान लागत नाय.”

मॅडम आमच्याकडे वळल्या. “बघा मुलींनो. जन्मभर पाण्याच्या काठावर राहतात, पण पाणी प्यायचं कळत नाही. याला म्हणतात अज्ञान. लिहून घ्या.”

मुली हसल्या. पेनं चालली. पोस्टर काखेत धरून माझंही चाललं.

आता इथे थांबून एक गोष्ट सांगते. आई पाणी का पीत नाही, हे त्या शेडमध्ये उभ्या असलेल्या शिकलेल्या माणसांत मला एकटीलाच माहीत होतं.

मी दहा वर्षांची असताना मे महिन्याच्या सुट्टीत आईबरोबर सोलायला जायची. पहिल्याच दिवशी मी पोटभर पाणी प्यायले. शेडच्या मागे संडास होता. टाइल्स लावलेला, पाटी लावलेला. कोणी साहेब बघायला आले की उघडायचा. एरवी कुलूप. आत थर्माकोलचे खोके. चावी मुकादमाकडे. मी मागायला गेले तर तो सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाला, “काय गो, आल्या आल्या लागली?” आणि चावी दिलीच नाही. मी परत पाटावर येऊन बसले. बसल्या बसल्या फ्रॉक ओला झाला.

आईच्या लक्षात आलं. तिने बर्फाच्या पाण्याचं घमेलं उचललं आणि माझ्या मांडीवर उपडं केलं. “बर्फ सांडला गो बाय, हात निसटला,” ओरडून म्हणाली. सगळ्या बायांना ऐकू जाईल असं. मी थंडीने कुडकुडत होते. पण कुणाला काही कळलं नाही.

घरी येताना तिने पदराची गाठ सोडली आणि त्यातलं आमसूल माझ्या गालात ठेवलं. “चघळायचा नाय. नुसता ठेवायचा. त्वांडाला पाणी सुटतं, तहान मरते. दुपारपर्यंत निभतं.” शेडमधल्या सगळ्या बायांच्या गालात आमसूल असायचं. आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आलेली ही रीत. पहाटे घरीच सगळं उरकून यायचं, मग दुपारी दोनपर्यंत थेंब नाही. पाळीच्या दिवसांतही नाही.

तर हे मला माहीत होतं. माझ्या गालाला माहीत होतं. आणि मी लिहिलं, ‘अज्ञान’.

“तू समजाव गं त्यांना, तुला छान जमतं,” मॅडम मला म्हणाल्या.

मी पोस्टर वर धरलं. पुस्तकातल्या भाषेत म्हणाले, “मावशी, निरोगी राहायचं असेल तर दिवसातून आठ ग्लास पाणी प्यायला हवं.”

मावशी. माझ्या आईला.

आई खाली बघत म्हणाली, “बरं, सिस्टर.”

तिने पुन्हा घमेलं उपडं केलं होतं. या वेळी स्वतःच्या अंगावर.

शेडमधल्या एकूण एक बाईला ठाऊक होतं मी कोणाची. कोणी बोललं नाही. फक्त शेजारच्या सुमनकाकीने कोळंबीचं डोकं मोडत मोडत विचारलं, “आठ गिलास पियाचे नि जायाचं खंय, सिस्टर? दर्यात?” बाया हसल्या. “चेष्टा नको,” मॅडम म्हणाल्या. मीही पोस्टरकडे बघत म्हणाले, “प्रश्न शेवटी घेऊ.” शेवटी प्रश्न घेतलेच नाहीत.

मग तपासणीचे फॉर्म भरायचे होते. आई माझ्याच टेबलापाशी आली. वजन, रक्तदाब. त्यानंतरचा प्रश्न होता, लघवीला जळजळ होते का. मागे रांग, बाजूला माझ्या वर्गातल्या मुली. मी विचारलंच नाही. ‘नाही’वर खूण केली. आईने ती खूण होताना बघितली. लिहिता-वाचता येत नसलं तरी पेन कुठे गेलं ते कळतं. उठून पाटावर जाऊन बसली.

जळजळ तिला कित्येक महिने होत होती. हे मला पुढच्या वर्षी कळलं. परीक्षेच्या आधी निरोप आला, आईला थंडी वाजून ताप, उलट्या, कमरेत कळ. सोनोग्राफीत उजव्या किडनीत खडा. त्याने वाट अडवलेली, वर सगळा पू. किडनी काढावी लागली.

डॉक्टरांनी फाइलवरून माझ्याकडे बघितलं. “मुलगी नर्सिंगला आणि इतके दिवस कोणाच्या लक्षात नाही आलं?”

वॉर्डातली सिस्टर चांगली होती. आईची चादर सरळ करत म्हणाली, “मावशी, पाणी प्यायला पाहिजे होतं हो.” अगदी माझ्या आवाजात. मला वाटलं आता आई सांगेल. कुलूप, मुकादम, सगळं. आई म्हणाली, “माझ्या लेकीन सांगलेलान. माझाच चुकला.”

मी बाहेर जाऊन वऱ्हांड्यात उभी राहिले. रडले नाही. मला रडायचा हक्क वाटला नाही. लवकर निदान म्हणजे दुय्यम प्रतिबंध. एक प्रश्न विचारायचा होता. मी लाजेखातर एक खूण केली आणि माझ्या आईची किडनी गेली. कोणी म्हणेल, एका खुणेने काय होतं. मी नर्स आहे. काय होतं ते मला माहीत आहे.

त्या शिबिराच्या अहवालावर मॅडमनी ‘उत्तम’ असा शेरा दिला होता. तो अजून माझ्याकडे आहे. मी फाडलेला नाही.

आता मी एका उपकेंद्रावर आहे. बंदराच्या शेड माझ्याच हद्दीत येतात. गेल्या महिन्यात शिबिर होतं. तालुक्याहून साहेब आलेले, शेजारी शेडचे मालक खुर्ची टाकून बसलेले. मी पोस्टर नेलं नाही. बायांना एकेकीला पडद्याआड घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, “जाता खंय?”

पहिली पदराला हात पुसत राहिली. दुसरीने गालातलं आमसूल जिभेने बाहेर काढून दाखवलं आणि हसली. जळजळ होती, बहुतेक सगळ्यांना. एकीला लघवीतून रक्त जात होतं. तिला त्याच दिवशी पुढे पाठवलं.

फॉर्मवर ‘कारण’ असा रकाना असतो. मी लिहिलं, शेडच्या संडासाला कुलूप. प्रत्येकीच्या फॉर्मवर.

साहेबांनी गठ्ठा चाळला. “सिस्टर, हे आरोग्य खात्याचं नाही. हा बंदराचा विषय. इथे अज्ञान लिहा. उपाय, जनजागृती.”

“अज्ञान नाहीये, सर.”

मालक मध्ये पडले. “अहो, या बायांना सवय आहे. इतकी वर्षं काम करतात, कोणाची तक्रार नाही.”

“माझी आई तुमच्याच शेडमध्ये एकवीस वर्षं होती,” मी म्हणाले. “त्या खांबाआड बसायची. तिची एक किडनी गेली. तक्रार तिने नाही केली. मी करते.”

शेडमध्ये सोलणारे हात थांबले. सुमनकाकी अजून तिथेच बसते. तिने मान वर केली नाही.

साहेब हळू आवाजात म्हणाले, “फॉर्म बदलून द्या. उगाच तुमच्या नोकरीवर यायचं.”

“बदलणार नाही.”

फॉर्म तसेच गेले. कुलूप अजून आहे. मला खुलासा मागणारं पत्र आलंय. त्याचं उत्तर मी लिहून दिलं. त्यात त्या जुन्या शिबिराचंही लिहिलं, मी विचारलं नव्हतं आणि ‘नाही’वर खूण केली होती, हे. माझ्या नावानिशी. त्याच दिवशी नोकरीच्या कागदांवर आईचा व्यवसाय दुरुस्त करायचा अर्ज दिला. कोळंबी सोलणे.

आई घरीच असते. दहा पावलांवर आमचा स्वतःचा संडास आहे. तरी सकाळी तिच्या गालात आमसूल असतं. मी तांब्या पुढे केला की ती म्हणते, “पिते, मगे पिते.” तिने मला माफ केलंय की नाही, मी विचारलेलं नाही. विचारणारही नाही. ती ‘केलं’ असंच म्हणेल.

‘पाणी प्या’ हे वाक्य मी त्या शेडमध्ये आता बोलणार नाही. संडासाचं दार उघडलं की बोलेन. तोवर दर महिन्याला फॉर्म येतील, तो ‘कारण’चा रकाना येईल. माझी बदली झाली तर जिथे जाईन तिथेही येईल. मी पडद्याआड बसून प्रत्येकीला विचारणार आणि जे आहे तेच लिहिणार. कुलूप. चावी कोणाकडे, तेही.